मॅट रॉवेल नावारूपाला आला तो नक्की कधी?

२०२५ च्या सप्टेंबरात मॅट रॉवेलला ब्राउनलो पदक मिळालं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला हा सगळ्यात मानाचा वैयक्तिक किताब. रॉवेलला मतं पडली ३९, दुसऱ्या आलेल्या निक डेकॉसला ३२. रॉवेल गोल्ड कोस्ट सन्स या क्लबकडून खेळतो, आणि त्या क्लबच्या जुन्या चाहत्यांसाठी या निकालात एक वेगळंच समाधान होतं: हा पोरगा कोण होणार हे आम्ही २०२० मध्येच ओळखलं होतं.

खरंच ओळखलं होतं का? आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीत आहे की माझं संशोधन 'थोड्या निरीक्षणांवरून किती बोलावं' या प्रश्नाभोवती फिरतं. नेहमी मी त्यासाठी औषधांच्या चाचण्या किंवा पावसाचे आकडे घेते. पण खेळाचे चाहते हे काम रोज करतात, फुकट करतात आणि जीव ओतून करतात. त्यामुळे त्यांच्या निवाड्याची समीक्षा करायला हरकत नाही. एखाद्या कादंबरीच्या परीक्षणाचं परीक्षण करावं, तसं समजा.

आधी खेळाबद्दल, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे मेस्सी येतो. हा खेळ वेगळा. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका बाजूला १८ खेळाडू, चार पाळ्या. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनं चेंडू मारला की गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या खांबातून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण सोबत्याला फेकता येत नाही. लाथ मारायची नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. या दोन्ही प्रकारांना मिळून 'डिस्पोजल' म्हणतात, आणि एखाद्यानं सामन्यात किती डिस्पोजल केली हा चाहत्यांचा पहिला आकडा असतो. क्रिकेटमध्ये आपण 'किती रन केले?' विचारतो ना, तसं. चेंडू अडकला की पंच तो पुन्हा खेळात आणतो आणि तिथे दोन्ही संघांची झुंबड उडते. त्या गर्दीतून चेंडू बाहेर काढणं म्हणजे 'क्लिअरन्स'. रॉवेलचं घर तिथेच, गर्दीच्या मध्यात. चेंडूवर पहिला हात, नाहीतर ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला मिठी मारून खाली घेणं.

आता २०२०. रॉवेल २०१९ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी. साधारणपणे तळाच्या क्लबाला निवडीचा पहिला मान. गोल्ड कोस्ट तळाला होता यात शंकाच नव्हती: २०१९ मध्ये २२ पैकी ३ विजय. तेही कसे, तर पहिल्या चार सामन्यांत तीन जिंकले आणि मग सलग १८ हरले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. क्लबाला पहिल्या दोन्ही निवडी मिळाल्या. पहिला रॉवेल, दुसरा त्याचा शाळेपासूनचा मित्र नोआ अँडरसन.

२०२० चा हंगाम मार्चमध्ये सुरू झाला आणि एका फेरीनंतर कोविडमुळे थांबला. जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्यावर गोल्ड कोस्टनं वेस्ट कोस्ट, अ‍ॅडलेड आणि फ्रीमँटल यांना लागोपाठ हरवलं. या तिन्ही सामन्यांत पंचांनी सर्वोत्तम खेळाडूची पूर्ण ३ मतं १८ वर्षांच्या रॉवेलला दिली. म्हणजे ३ सामने, ९ मतं. त्याहून जास्त मिळवताच येत नाहीत. त्या वर्षी ब्राउनलो जिंकणाऱ्या लाची नीलला अख्ख्या हंगामात ३१ मतं पडली. पुढे पाचव्या फेरीत, जीलॉन्गविरुद्ध, रॉवेलचा खांदा निखळला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला.

म्हणजे ज्या हंगामाला लोक 'रॉवेलचा नावारूपाला येण्याचा हंगाम' म्हणतात, तो जेमतेम चार पूर्ण सामन्यांचा आहे.

त्या वेळी चाहत्यांच्या निवाड्यात तीन वेगवेगळी विधानं एकत्र मिसळलेली होती. ती सुटी करून बघू.

पहिलं: तो अशा प्रकारचा खेळाडू आहे जो गर्दीत इतरांच्या आधी चेंडूपर्यंत पोचतो, धक्का बसला तरी उभा राहतो आणि चेंडू गेला तर लगेच पाठलाग करतो. हे 'कसा' याबद्दलचं विधान.

दुसरं: तो आत्ताच लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी आहे. हे 'किती' याबद्दलचं.

तिसरं: पुढची दहा वर्षं हे असंच चालणार. हे 'कधीपर्यंत' याबद्दलचं.

माझ्या मते पहिल्या विधानात चाहते बरोबर होते, आणि त्यांच्याकडे तसं म्हणायला पुरेसा पुरावाही होता. दुसऱ्यात त्यांनी घाई केली. तिसऱ्याला त्यांच्याकडे आधारच नव्हता. आता २०२५ मध्ये शेवट गोड झाला म्हणून तिन्हींना एकदम पास करणं चुकीचं आहे. उत्तर बरोबर आलं तरी गणिताच्या पायऱ्या तपासाव्या लागतात.

आकड्यांकडे जाण्याआधी भाजक तपासायचा. २०२० मध्ये कोविडमुळे सामने आखूड केले होते. पाळी २० मिनिटांऐवजी १६ मिनिटांची (थांबलेला वेळ वेगळा) आणि प्रत्येक संघाचे साखळी सामने २२ ऐवजी १७. म्हणजे डिस्पोजलचे आकडे त्या वर्षी सगळ्यांचेच खाली होते. जुन्या वर्षांशी तुलना करताना रॉवेलचा आकडा वाढवून वाचायला हवा, असं चाहते म्हणत होते. त्यात तथ्य होतं, आणि ही चांगली सवय आहे. पण त्याच भाजकाची दुसरी बाजू फारशी कुणी बोलत नव्हतं: सामने आखूड, त्यात संख्येनं चार. म्हणजे मैदानावरचा एकूण वेळ आणखीच कमी. आकडा वाढवून वाचता येतो, पण पुरावा वाढवून वाचता येत नाही.

आता थोड्या सामन्यांवरून किती बोलावं? यावर संख्याशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे, तेही खेळाचंच. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या अमेरिकन बेसबॉल हंगामातले १८ फलंदाज घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींचा निकाल बघायचा आणि उरलेल्या हंगामात तो कसा खेळेल याचा अंदाज बांधायचा. यादीत सगळ्यात वर होता रॉबर्टो क्लेमेंटे: ४५ पैकी १८ वेळा यशस्वी, म्हणजे हजारात ४००. साधा अंदाज काय सांगेल? पुढेही ४००. एफ्रॉन-मॉरिस म्हणाले, थांबा. अठराही जणांची मिळून सरासरी हजारात २६५ च्या आसपास आहे. प्रत्येकाचा आकडा त्या सरासरीकडे थोडा ओढून घ्या. वरच्यांना खाली, खालच्यांना वर. हंगाम संपल्यावर ताळा केला तेव्हा अठरा जणांची मिळून एकूण चूक या ओढलेल्या अंदाजांत कितीतरी कमी निघाली.

यामागचं कारण सोपं आहे. यादीत सगळ्यात वर जो दिसतो, तो चांगला असतोच, पण बहुधा त्या काळात त्याला नशिबाचीही साथ असते. कौशल्य पुढे टिकतं, नशीब टिकतंच असं नाही. म्हणून पुढचा आकडा सरासरीच्या दिशेनं सरकतो. याला आम्ही 'सरासरीकडे परतणं' म्हणतो. २०१९ चा गोल्ड कोस्ट आठवा: चारात तीन विजय, पुढे अठरात शून्य. ज्या चाहत्यांनी एका वर्षापूर्वी आपल्याच संघाबाबत हे भोगलं होतं, तेच पुढच्या वर्षी पुन्हा चारात तीन विजय बघून हरखले. त्यांना हसायचं कारण नाही. इतक्या पराभवांनंतर आशा धरणं हा हिशोबाचा विषय राहत नाही.

किती ओढायचं, याचं एक साधं सूत्र आहे:

अंदाज = गटाची सरासरी + हिस्सा × (खेळाडूचा आकडा − गटाची सरासरी)

हा 'हिस्सा' सामन्यांच्या संख्येवर ठरतो. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा, नव्या मधल्या फळीतल्या पोरांची सरासरी सामन्यामागे १४ डिस्पोजल आहे आणि आपल्या पठ्ठ्यानं २३ ची सरासरी काढली. समजा, या आकड्यासाठी हिस्सा = सामने ÷ (सामने + ८). चार सामन्यांनंतर हिस्सा होतो ४/१२, म्हणजे एक तृतीयांश. फरक ९ चा, त्याचा एक तृतीयांश ३. अंदाज १७. तोच आकडा त्यानं २२ सामने टिकवला तर हिस्सा २२/३०, म्हणजे ७३ टक्के, आणि अंदाज २० च्या वर जातो. कामगिरी तीच, पण तिच्यावर टाकायचा विश्वास वेगळा. चाहत्यांच्या बोलण्यात हा हिस्सा नसतोच. पहिल्या चार सामन्यांनाही ते पूर्ण शंभर टक्के देतात.

इथपर्यंत वाचून वाटेल की संशोधक शहाणे आणि चाहते भाबडे. पण क्लेमेंटेच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगायचा राहिलाय. त्या पद्धतीनं क्लेमेंटेचा अंदाज ४०० वरून थेट २९० च्या घरात आणला. प्रत्यक्षात उरलेल्या हंगामात त्यानं ३४६ काढले. म्हणजे साधा अंदाज जितका वर चुकला, जवळजवळ तितकीच पद्धत खाली चुकली. का? कारण तिला क्लेमेंटे कोण हेच माहीत नव्हतं. तिच्यासाठी तो अठरा नावांतलं एक नाव. बेसबॉल बघणाऱ्या कुणालाही माहीत होतं की हा माणूस आधी चार वेळा लीगचा फलंदाजीचा किताब जिंकलेला आहे. त्याला सर्वसाधारण गटाच्या सरासरीकडे ओढणं चूक होतं. त्याचा गट वेगळा होता.

रॉवेललाही हेच लागू. त्याला 'लीगमधली सगळी १८ वर्षांची पोरं' या गटाकडे ओढायचं की 'ड्राफ्टमध्ये पहिला आलेला, अंगानं तयार, मधल्या फळीतला खेळाडू' या गटाकडे? दुसऱ्या गटाची सरासरी वर असणार, म्हणून अंदाजही वर राहणार. गट कुठला हे सूत्र सांगत नाही. ते खेळ जाणणाऱ्यानंच सांगायचं असतं. ज्या चाहत्यांनी रॉवेलला १८ वर्षांखालच्या सामन्यांत ओकली चार्जर्सकडून खेळताना पाहिलं होतं, त्यांचं मत चार सामन्यांवर उभं नव्हतं. त्यांच्याकडे जुना पुरावा होता, फक्त तो एएफएलच्या तक्त्यात नव्हता.

आणि अजून एक गोष्ट आहे, जिला मी जास्त महत्त्व देते. सगळे गुण सारख्या वेगानं उघड होत नाहीत. सामन्यामागे किती गोल होतात, किती मतं पडतात, हे फार हलणारे आकडे. त्यांना बरेच सामने द्यावे लागतात. पण एखादा खेळाडू गर्दीत शिरतो की गर्दीच्या कडेला थांबतो, टॅकलसाठी झेपावतो की नाही, हे थोड्या सामन्यांतही बरंच कळतं, कारण असा प्रसंग एका सामन्यात अनेकदा येतो. गोल दोन, पण झटापटी वीस-पंचवीस. चार सामन्यांत गोलांची निरीक्षणं मूठभर, झटापटींची जवळपास शंभर. म्हणून 'कसा' याबद्दलचा निवाडा लवकर पक्का होतो आणि 'किती' याबद्दलचा उशिरा. चाहत्यांचे डोळे पहिल्या कामात चांगलेच तयार असतात. गडबड होते ती डोळ्यांनी पाहिलेल्या 'कसा'चा भरवसा 'किती'ला बहाल केला की.

आता पुढची वर्षं, जिथे खरं नुकसान झालं. २०२१ च्या पहिल्याच सामन्यात रॉवेलचा गुडघा दुखावला. हंगामाचा मोठा भाग बाहेर. परत आला तेव्हा आकडे साधे होते. खांदा, मग गुडघा, वय २०. पण तुलना कुणाशी होत होती? त्या चार सामन्यांतल्या रॉवेलशी. साध्या मापानं बघितलं तर वीस वर्षांचा, दोन मोठ्या दुखापतींतून उठलेला, तरीही गर्दीत शिरणारा खेळाडू चांगला चालला होता. पण चार सामन्यांच्या मापानं तो 'अपेक्षाभंग' ठरत होता. तो टॅकल करतो पण चेंडू हातात आल्यावर त्याचं सोनं करत नाही, लाथेत धार नाही, असं बोललं जायचं. त्या टीकेत थोडं तथ्य असेलही. पण तिचा कडवटपणा आला होता २०२० मधून. आपणच उंच लावलेली पट्टी, आणि पोरगा तिच्यापर्यंत पोचत नाही म्हणून राग पोरावर.

आधीचा अतिरेक आणि नंतरचा अतिरेक ही दोन वेगळी मतं वाटतात. मुळात ती एकाच सवयीची दोन टोकं आहेत: हातातल्या थोड्या सामन्यांना पूर्ण वजन द्यायचं. २०२० मध्ये चार चांगले सामने पुरेसे वाटले, २०२१ मध्ये काही सामान्य सामने पुरेसे वाटले.

आणि हा केवळ बोलण्याचा प्रश्न नसतो. गोल्ड कोस्टनं २०११ मध्ये लीगमध्ये पाऊल टाकलं तेव्हापासून या क्लबाचं दुखणं हेच आहे की हाताशी आलेले गुणी खेळाडू निघून जातात. २०१६ मध्ये डिऑन प्रेस्टिया आणि जेगर ओमेरा गेले, २०१८ मध्ये टॉम लिंच आणि स्टीव्हन मे. अशा ठिकाणी १९-२० वर्षांच्या खेळाडूभोवती 'हा आपल्याला तारणार' आणि 'हा वाया गेला' असा झोका चालला की त्याच्या करारावर, दुखापतीतून परतण्याच्या घाईवर, त्याच्या मनावर त्याचा भार पडतोच. चाहत्यांचा निवाडा क्लबाच्या बैठकीत कुणी वाचून दाखवत नाही, पण त्या बैठकीच्या खोलीत त्याची हवा असते.

यातल्या ओमेराचं नाव पुन्हा घेते, कारण 'आम्ही २०२० मध्येच ओळखलं होतं' या वाक्याला खरं उत्तर तोच आहे. जेगर ओमेरा, हाच क्लब, मधल्या फळीतलाच खेळाडू. २०१३ मध्ये त्यानं लीगमधल्या सर्वोत्तम नवोदिताचा 'रायझिंग स्टार' पुरस्कार जिंकला. रॉवेलचे चार सामने, तर ओमेराचा पूर्ण हंगाम. त्या वेळीही चाहत्यांनी त्याच्यावर दहा वर्षांची आशा लावली होती. मग गुडघ्यानं दगा दिला. २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षांत तो लीगचा एकही सामना खेळू शकला नाही, आणि मग हॉथॉर्न क्लबाकडे गेला. पुढे बरीच वर्षं तो लीगमध्ये खेळला, चांगलाही खेळला. पण २०१३ मध्ये पाहिलेलं चित्र तसं उमटलं नाही.

२०१३ चा चाहता आणि २०२० चा चाहता यांनी एकाच पद्धतीनं विचार केला. एकाला निकालानं खोटं ठरवलं, दुसऱ्याला खरं. पद्धत तपासायची तर दोघांनाही मोजायला हवं. आपण मात्र रॉवेलचं नाव आठवतो, कारण त्याची गोष्ट पूर्ण झाली. ओमेराच्या वेळचं भाकीत कुणी मिरवत नाही. जे टिकले फक्त त्यांनाच मोजायचं, ही संशोधनातलीही जुनी खोड आहे. औषधाच्या चाचणीत मध्येच सोडून गेलेले रुग्ण हिशोबातून वगळले की औषध नेहमी गुणकारीच दिसतं.

राहता राहिला २०२५. मग हाच रॉवेलचा नावारूपाला येण्याचा खरा हंगाम म्हणायचा का? इथेही आधी माप तपासू. ब्राउनलोची मतं मैदानावरचे पंच देतात: प्रत्येक सामन्यात ३, २, १. पंच खेळाच्या मध्यात, चेंडूजवळ पळत असतात. मधल्या फळीतला खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. लांब मागे उभा राहून सामना वाचवणारा बचावपटू तितका नसतो. म्हणून हे पदक वर्षानुवर्षं मधल्या फळीकडेच जातं. गर्दीतून चेंडू उपसणाऱ्या रॉवेलला हे माप अंगासरशी बसतं.

शिवाय हे माप अलीकडे फुगतंही आहे. २०१७ मध्ये डस्टिन मार्टिननं आणि २०२१ मध्ये ऑली वाइन्सनं ३६ मतं घेतली तेव्हा तो विक्रम होता. २०२४ मध्ये पॅट्रिक क्रिप्सनं ४५ घेतली. त्याच्यापुढे रॉवेलची ३९. २०२३ पासून मैदानावर तीनऐवजी चार पंच असतात. मतं थोड्या नावांभोवती का गोळा होतायत यावर वाद घालता येईल, पण वेगवेगळ्या वर्षांच्या मतांची थेट तुलना करू नये एवढं नक्की. २०२० मधली ९ आणि २०२५ मधली ३९ एकाच फूटपट्टीवर ठेवता येत नाहीत.

मतांपलीकडे बघायची सोयही आहे. लीगची अधिकृत आकडेवारी चॅम्पियन डेटा ही कंपनी गोळा करते, आणि तिच्या खेळाडू-गुणांकनाची मुळं मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातल्या डॉक्टरेटच्या संशोधनात आहेत. कल्पना अशी: चेंडू मैदानावर कुठे आणि कोणत्या परिस्थितीत आहे यावरून पुढचे गुण कोणाला मिळण्याची शक्यता किती हे काढायचं, आणि खेळाडूच्या कृतीनं ती शक्यता किती बदलली हे त्याच्या नावावर मांडायचं. गर्दीत दडपणाखाली मिळवलेला चेंडू आणि मोकळ्यात मिळालेला सोपा चेंडू यांचं वजन इथे वेगळं. डिस्पोजलच्या नुसत्या मोजणीत दोन्ही सारखेच. रॉवेलसारख्यावर नुसती मोजणी अन्याय करते. त्याच्या एका क्लिअरन्समागे पुढच्या तिघांची मोकळी धाव असते. 'आकड्यांपलीकडचं काहीतरी' म्हणून चाहते ज्याची बाजू घेतात, ते बऱ्याचदा फक्त चुकीच्या आकड्यांपलीकडचं असतं.

आणि २०२५ मध्ये तो एकटा नव्हता. त्याच वर्षी गोल्ड कोस्ट आपल्या पंधराव्या हंगामात पहिल्यांदा बाद फेरीत पोचला. प्रशिक्षक डेमियन हार्डविक, ज्यानं रिचमंडला तीन विजेतेपदं मिळवून दिली होती. कर्णधार नोआ अँडरसन, तोच ड्राफ्टमधला दुसरा. जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूला मतं जास्त पडतात. संघ सुधारला म्हणून रॉवेल उठून दिसला की रॉवेल सुधारला म्हणून संघ वर आला? एका हंगामावरून हे दोन धागे वेगळे काढणं जवळपास अशक्य आहे, आणि चाहते ते काढल्याच्या थाटात बोलतात. पण एक फरक ठळक आहे. २०२५ चा निवाडा पूर्ण हंगामावर उभा आहे आणि त्याच्यामागे २०२२ पासूनची, फारशी न गाजलेली वर्षंही आहेत. सूत्रातला तो 'हिस्सा' आता मोठा झालाय.

म्हणून माझा निवाडा असा. रॉवेल कसा खेळाडू आहे हे चाहत्यांनी २०२० मध्ये ओळखलं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. यंत्राला ते इतक्या लवकर जमलं नसतं. तो किती मोठा खेळाडू आहे हे मात्र २०२२ ते २०२४ या वर्षांत हळूहळू सिद्ध होत गेलं. म्हणजे जी वर्षं चाहत्यांनी निराशेत काढली, पुरावा नेमका तेव्हाच जमा होत होता. नावारूपाला येण्याचा एकच हंगाम सांगा असा हट्टच धरलात तर मी त्या मधल्या वर्षांकडे बोट दाखवीन, जेव्हा तो दर आठवड्याला उभा राहत होता आणि त्याबद्दल गजर कुणी केला नाही.

येत्या मार्चमध्ये नवा हंगाम सुरू होईल. मेलबर्न क्लबाचा ख्रिश्चन पेट्राका आता गोल्ड कोस्टकडे आलाय, तोही मधल्या फळीतला मोठा खेळाडू. एकाच सामन्यातली ३-२-१ मतं आता आणखी एका दावेदारात वाटली जाणार. त्यात ३९ हा आकडा मुळातच इतका वरचा आहे की तो खाली येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा २०२६ च्या सप्टेंबरात रॉवेलच्या नावापुढे २५ मतं दिसली, तर तो घसरला असं म्हणण्याआधी त्याच्या झटापटी मोजा, पेट्राका कुठे उभा होता ते बघा, आणि रॉवेल किती सामने धडधाकट होता ते विचारा. आणि त्याच हंगामात कुठल्यातरी क्लबाचा एखादा १८ वर्षांचा पोरगा पहिल्या चार सामन्यांत मैदान गाजवेल. त्याच्याबद्दल 'कसा खेळतो' यावर मनसोक्त बोला. 'किती मोठा होणार' याला निदान बावीस सामने द्या.